पक्षी घडविणारा शिल्पकार

युरोपच्या आग्नेय भागात रूमानिया नावाचा देश आहे. त्या देशात कार्पेथियन पर्वताच्या रांगा कमानीसारख्या पसरलेल्या आहेत. त्यांच्या दक्षिण पायथ्याशी होबित्सा नावाचे एक लहानसे खेडे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील घरे लाकडी, घरांपुढच्या पडव्यांचे खांब लाकडी आणि अंगणाची दारेही लाकडी असत. लाकूड कोरण्याची कला त्या मुलखात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती. खांबांवर, दारांवर, चमच्यांवरदेखील नक्षी असे. अशा या खेड्यात १९ फेब्रुवारी १८७६ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी कॉन्स्टंटिन ब्रांकूश याचा जन्म झाला. पुढे शिल्पकलेला ज्याने अगदी नवे वळण लावले, तो हाच.

लहानपणी शाळा त्याच्या वाट्याला फारशी आली नाही. सातव्या वर्षापासूनच तो मेंढरे राखू लागला. सोलापूर-सांगलीकडच्या माळांवर धनगर आपले कळप घेऊन हिंडतात, तसेच कार्पेथियनच्या कुरणांवरही मेंढपाळ हिंडत असतात. अंगावर लोकरीचे जाड पांघरूण, हातात काठी आणि दिवसभर सोबतीला आभाळ. मेंढरे चरत असली, की लहानगा कॉन्स्टंटिन चाकू काढून हाती येईल ते लाकूड कोरीत बसे.

घरी मात्र त्याला सुख नव्हते. थोरल्या भावांचा त्याला फार जाच होई. तो वरचेवर घरातून पळून जाई. नऊ वर्षांचा असतानाच त्याने कामासाठी शेजारच्या गावाची वाट धरली. अकराव्या वर्षी स्लातिना या गावी तो एका वाण्याच्या दुकानात राहिला आणि तेथून पुढे क्रायोवा शहरात एका खानावळीत नोकरीस लागला. गिऱ्हाइकांना ताटे वाढणे, भांडी घासणे, झाडलोट करणे, हेच त्याचे काम. या कामात त्याची कित्येक वर्षे गेली.

खानावळीत येणाऱ्या लोकांना या पोराच्या बोटांतील कसब ठाऊक झाले होते. एकदा पैज लागली आणि ब्रांकूशने टाकाऊ लाकडाच्या फळ्यांतून चक्क एक व्हायोलिन तयार केले. व्हायोलिन म्हणजे केवळ शोभेची पेटी नव्हे. त्याची फळी किती पातळ तासावी, तिला बाक किती द्यावा, यावर स्वर अवलंबून असतो. ब्रांकूशचे व्हायोलिन वाजले. ते पाहून एका धनिकाने त्याला क्रायोवाच्या कलाकौशल्याच्या शाळेत दाखल करविले. हे साल होते १८९४. तेव्हा ब्रांकूश अठरा वर्षांचा होता आणि त्याला धड लिहितावाचता येत नव्हते. मग तो स्वतःच अक्षरे शिकला आणि १८९८ मध्ये मानाने उत्तीर्ण होऊन त्या शाळेतून बाहेर पडला.

त्यानंतर तो राजधानी बुखारेस्ट येथील कलाशाळेत गेला. तेथे त्याने एका वैद्याच्या मार्गदर्शनाखाली मनुष्यदेहाची एक प्रतिकृती केली. तिच्यात कातडी दूर करून सगळे स्नायू उघडे दाखविलेले होते. ती इतकी अचूक उतरली, की वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शरीररचना शिकविण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण पुढे ब्रांकूशच्या पक्ष्याला ना डोळे ना पंख हे पाहून पुष्कळांनी असा तर्क केला, की या माणसाला हुबेहूब काही घडविताच येत नसावे.

शिल्पकाराला त्या काळी पॅरिसची ओढ असे. ब्रांकूशजवळ भाड्यापुरतेही पैसे नव्हते. १९०३ मध्ये तो बुखारेस्टहून निघाला. बुडापेस्ट, व्हिएन्ना, म्युनिक अशी शहरे मागे टाकीत तो पश्चिमेकडे चालला. या प्रवासाचा बराच मोठा भाग त्याने पायीच तुडविला. वाटेत पावसात भिजल्यामुळे त्याला न्यूमोनिया झाला आणि काही काळ रुग्णालयात पडून राहावे लागले. शेवटचा टप्पा तेवढा आगगाडीने गाठून १९०४ च्या उन्हाळ्यात तो पॅरिसला पोहोचला.

तेथेही आरंभी भांडी घासणे चुकले नाही. दिवसा कलाशाळा, उरलेल्या वेळी उपाहारगृह आणि रविवारी रूमानियन लोकांच्या चर्चमध्ये गायन, असा त्याचा क्रम होता. त्या वेळी ओग्युस्त रोदँ हा युरोपातील सर्वांत मोठा शिल्पकार मानला जाई. १९०७ मध्ये ब्रांकूशला रोदँच्या कर्मशाळेत काम मिळाले. खेड्यातून आलेल्या तरुणाला याहून मोठे भाग्य ते कोणते? परंतु दोनएक महिन्यांतच त्याने ते काम सोडून दिले. रोदँविषयी त्याला आदर नव्हता असे मुळीच नाही. मोठ्या वडाच्या सावलीत दुसरे झाड वाढत नाही, एवढेच त्याने ओळखले होते. हातची भाकरी टाकून केलेला हा निश्चय सोपा खासच नव्हता.

आता त्या काळी पुतळे कसे तयार होत, ते थोडे पाहिले पाहिजे. शिल्पकार मातीत नमुना करी. त्यावरून प्लॅस्टरचा साचा निघे. मग दुसरेच कारागीर मापे घेऊन तो नमुना संगमरवरात उतरवीत. मोठ्या शिल्पकाराचा हात दगडाला कित्येकदा लागतही नसे. ब्रांकूशला हे रुचेना. तो लाकूड कोरणाऱ्या गावातला माणूस. त्याने स्वतः छिन्नी हाती घेतली आणि सरळ दगडालाच हात घातला. प्रत्येक दगडाचा स्वभाव निराळा असतो, लाकडाचा निराळा, धातूचा निराळा. त्या स्वभावाशी भांडून चालत नाही, असे त्याला वाटे. अशा रीतीने काम करता करता त्याच्या शिल्पांतील बारीकसारीक तपशील गळू लागला. झोपलेल्या स्त्रीचे मस्तक त्याने घडविले, ते एखाद्या मोठ्या अंड्यासारखे आडवे ठेवलेले आहे. नाक, भुवया, केस यांच्या केवळ खुणा उरल्या आहेत. त्याचा मासा म्हणजे एक लांबट गुळगुळीत शिळा आहे. तिला खवले नाहीत, डोळे नाहीत. परंतु पाण्यातून सुळकन सरकून जाण्याची जी माशाची चाल, ती तेथे आहे.

अशा शिल्पाला अमूर्त शिल्प असे नाव देतात. नाव जरा अवघड आहे, पण त्यामागची गोष्ट आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आपल्या खेड्यापाड्यांत बिरोबा, म्हसोबा यांची ठाणी असतात. तेथे पुष्कळदा घडविलेली मूर्ती नसतेच. शेंदूर लावलेला एक वाटोळा पाषाण असतो. त्याला तांदळा म्हणतात. तांदळ्याला हातपाय नसतात, तरी भाविकाला तेथे देव दिसतो. रांगोळीत गोपद्मे काढताना कोणी गाय काढीत नाही, तरी अंगणातून गाय येऊन गेली असे वाटते. ब्रांकूशला स्वतःला मात्र अमूर्त हा शब्द आवडत नसे. आपण वस्तूचे खरे रूपच दाखवितो, असा त्याचा आग्रह होता. बाहेरचे कातडे म्हणजे खरे रूप नव्हे, असे तो मानी. आणि कातड्याखाली काय असते, हे त्याने विद्यार्थिदशेतच पुरते पाहिले होते.

त्याच्या साऱ्या कामांत पक्ष्याची कथा सर्वांत लांब आहे. रूमानियाच्या लोककथांत सोनेरी पिसांचे एक जादूचे पाखरू येते. सुमारे १९१० मध्ये ब्रांकूशने ते प्रथम संगमरवरात घडविले. त्या पाखराची छाती फुगलेली होती, मान ताठ होती, चोच उघडी होती. नंतरच्या पक्ष्याची छाती जराशी बसली, पुढच्याची मान लांबली. मग पाय नाहीसे झाले, चोचही गेली. १९२३ च्या सुमारास जो पक्षी तयार झाला, तो एक उंच, सडपातळ, मध्ये किंचित फुगीर आणि वर निमुळता होत गेलेला आकार होता. त्याच्या टोकाला फक्त एक तिरका छेद दिला होता. या शिल्पाला त्याने ‘अवकाशातील पक्षी’ असे नाव दिले. पक्षी दाखविण्यापेक्षा त्याचे उड्डाण दाखवावे, हे त्याच्या मनात होते. उड्डाण दगडात धरावयाचे, म्हणजे जी वस्तू जमिनीवरून हलत नाही तिला आभाळात चढवावयाचे! या एका कोड्यापायी त्याने आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे वेचली. अवकाशातील पक्ष्याच्या त्याने सोळा आवृत्त्या केल्या. त्यांपैकी सात संगमरवरी आणि नऊ ब्राँझच्या आहेत. ब्राँझचा पक्षी साच्यातून निघाला, की तो कानस व पॉलिशची पूड घेऊन बसे आणि पृष्ठभाग आरशासारखा लखलखू लागेपर्यंत दिवसच्या दिवस घासत राही. त्याचे कोणतेही दोन पक्षी तंतोतंत सारखे नाहीत.

यांपैकी एका ब्राँझच्या पक्ष्यावर पुढे खटला झाला. १९२६ मध्ये ब्रांकूशची काही शिल्पे प्रदर्शनासाठी बोटीने न्यूयॉर्कला गेली. त्यांत एडवर्ड स्टायकेन या छायाचित्रकाराने विकत घेतलेला पक्षीही होता. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे कलाकृतींवर जकात नसे. धातूच्या इतर तयार मालावर मात्र शेकडा ४० जकात द्यावी लागे. जकात अधिकाऱ्यांनी पेटी उघडली, आतली चकचकीत वस्तू उलटसुलट करून पाहिली आणि हा पक्षी नव्हेच, असे ठरविले. त्यांनी तिची नोंद स्वयंपाकाची भांडी आणि रुग्णालयाचे साहित्य या सदरात केली व जकात मागितली. या अधिकाऱ्यांना हसणे सोपे आहे. परंतु निसर्गातील वस्तूची हुबेहूब नक्कल असेल तरच ते शिल्प, असा निर्णय तेथल्या न्यायालयाने त्यापूर्वी दिलेला होता. अधिकारी त्या निर्णयाला धरूनच चालले होते.

प्रश्न पैशाचा राहिला नाही. शिल्प कशाला म्हणावे, हे न्यायालयाला ठरवावयाचे होते. १९२७ मध्ये साक्षी सुरू झाल्या. रानात ही वस्तू दिसली असती, तर शिकाऱ्याने पक्षी समजून तिच्यावर बंदूक झाडली असती काय, अशा तऱ्हेचे प्रश्न साक्षीदारांना विचारण्यात आले. एखाद्या कसबी लोहाराने नळी घासूनपुसून अशी केली, तर ती कलाकृती होईल काय, असेही विचारले गेले. जेकब एपस्टाइन या शिल्पकाराने त्यावर सांगितले, की असा कारागीर धातू घासून चकचकीत करील, पण हा आकार त्याच्या मनात यावयाचा नाही. एपस्टाइनने आपल्याबरोबर प्राचीन इजिप्तमधला सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा दगडी ससाणा आणला होता. त्यालाही पिसे कोरलेली नव्हती. तरी तो ससाणा आहे याविषयी कोणी शंका घेतली नव्हती. दुसऱ्या बाजूनेही शिल्पकारच उभे होते, आणि त्यांनी ही वस्तू कला नव्हे असे शपथेवर सांगितले.

२६ नोव्हेंबर १९२८ रोजी निकाल लागला. वस्तूचे नाव आणि तिचे रूप यांचा मेळ लावणे कठीण आहे हे न्यायाधीशांनी मान्य केले. पण कलेत एक नवा विचार आलेला आहे, तो आवडो वा न आवडो, तो आहे हे नाकारता येत नाही, असे त्यांनी नमूद केले. वस्तू एका व्यावसायिक शिल्पकाराची मूळ कृती आहे, ती पाहावयास सुंदर आहे, म्हणून ती जकातीस पात्र नाही, असे ठरले. पक्षी सुटला.

ब्रांकूशची राहणी त्याच्या शिल्पांसारखीच साधी होती. पॅरिसमधील एका बोळात त्याची कर्मशाळा होती. तेथील टेबल, बाके आणि दगडी शेगडी त्याने स्वतः बनविली होती. पाहुणे आले, की तो स्वतःच्या हातांनी रांधून त्यांना जेवू घाली. पांढरे कपडे, पायांत लाकडी खडावांसारखी पादत्राणे आणि जवळ एक पांढरे कुत्रे, असे त्याचे रूप होते. तिबेटातील मिलारेपा या संताचे चरित्र तो पुन्हा पुन्हा वाची.

याच कर्मशाळेत हिंदुस्थानातील एक तरुण राजा येऊन गेला. हे राजे म्हणजे इंदूरचे यशवंतराव होळकर. त्यांचे पूर्वज मल्हारराव होळकर हे नीरेकाठच्या होळ गावच्या धनगर कुळातले. त्यांनीही बालपणी खानदेशात मामाची मेंढरे राखली, असे सांगतात. कार्पेथियनच्या एका मेंढपाळ पोराचे आणि मल्हाररावांच्या वंशजाचे असे सूत जुळावे, हा मोठा गोड योगायोग होय. यशवंतराव आणि महाराणी संयोगिताबाई यांना नव्या कलेची उत्तम पारख होती. इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी एका तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून अगदी आधुनिक पद्धतीने बांधवून घेतला होता. महाराजांनी ब्रांकूशचा ब्राँझचा पक्षी विकत घेतला आणि पांढऱ्या व काळ्या संगमरवराचे आणखी दोन पक्षी सांगितले. तिन्ही पक्ष्यांसाठी इंदुरात एक मंदिर उभारावे, असे ठरले.

या मंदिराची कल्पना ब्रांकूशने मोठ्या प्रेमाने रंगविली होती. लहानसे दालन, त्याला खिडकी नाही. जमिनीखालच्या वाटेने आत यावयाचे. मध्ये पाण्याचा चौकोनी हौद आणि भोवती तीन पक्षी. वरच्या झरोक्यातून वर्षातील एका ठरावीक दिवशी माध्यान्हीचे ऊन नेमके ब्राँझच्या पक्ष्यावर पडावे. एका वेळी एकच माणूस आत बसून चिंतन करील, असा तो बेत होता.

याच काळात मायदेशातूनही त्याला बोलावणे आले. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात होबित्साजवळच्या तिर्गू-जिऊ गावाचा पूल तेथील म्हाताऱ्यांनी, बायकांनी आणि मुलांनी शत्रूला अडवून राखला होता. त्या लढाईत पडलेल्यांचे स्मारक गावाला हवे होते. ब्रांकूशने त्यासाठी पुतळा केला नाही. नदीकाठी एक वाटोळे दगडी मेज आणि त्याभोवती बारा दगडी बैठका, पुढे एक दगडी दरवाजा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला आभाळात चढत गेलेला एक ओतीव लोखंडाचा स्तंभ, अशी त्याने रचना केली. आपल्या देवळापुढच्या दीपमाळेची आठवण व्हावी असा हा स्तंभ २९ मीटरांहून किंचित उंच आहे. एकसारखे पंधरा मणी एकावर एक ओवावे आणि दोन्ही टोकांना मणी अपुरे ठेवावे, तसा तो दिसतो. टोकाचा मणी अर्धाच असल्यामुळे नजर तेथे थांबत नाही. ती वरच जात राहते. गावच्या पडव्यांचे कोरीव खांब त्याच्या मनातून गेलेले नव्हते. या कामाचे मोल त्याने घेतले नाही.

१९३७ च्या शरद ऋतूत स्तंभ उभा राहिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रांकूश मंदिराच्या कामासाठी इंदूरला आला. परंतु त्याच वर्षी महाराणी संयोगिताबाई निवर्तल्या होत्या. पहिला उत्साह ओसरला होता. मंदिराचा दगडही बसला नाही. काही आठवडे वाट पाहून १९३८ च्या जानेवारीत तो परत फिरला. तिर्गू-जिऊचे स्मारक मात्र त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पूर्ण झाले. पुढे १९५० नंतरच्या दशकात तेथील अधिकाऱ्यांना तो स्तंभ निरुपयोगी वाटला. त्यांनी त्याला साखळदंड बांधून ट्रॅक्टरने ओढून पाहिले. स्तंभ पडला नाही. २०२४ मध्ये हे सारे स्मारक जागतिक वारशाच्या यादीत घेण्यात आले.

उतारवयात ब्रांकूशने नवे काम थोडेच केले. कोणते शिल्प कोणत्या शिल्पाशेजारी शोभते, उजेड कोठून यावा, यांतच तो रमून जाई. एखादे शिल्प विकले गेले, की त्याच्या जागी तो प्लॅस्टरची प्रतिकृती ठेवी. त्या जागेतील मेळ बिघडलेला त्याला खपत नसे. १९५१ मध्ये त्याने आपली शिल्पे रूमानियाला देऊ केली, पण तेथील सरकारने ती घेतली नाहीत. मग त्याने कर्मशाळा जशीच्या तशी राखावी या अटीवर सर्व काही फ्रान्सच्या हवाली केले. १६ मार्च १९५७ रोजी पॅरिस येथे तो मरण पावला. त्या वेळी तो ८१ वर्षांचा होता. १९९७ मध्ये ती कर्मशाळा पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्रासमोर पुन्हा उभारण्यात आली.

इंदूरचे पक्षी इंदुरात राहिले नाहीत. १९६१ मध्ये यशवंतराव होळकर वारले. त्यानंतर पांढऱ्या व काळ्या संगमरवराचे दोन पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयाने घेतले आणि ब्राँझचा पक्षी अमेरिकेत पॅसाडेना येथील संग्रहालयात गेला. या वेळी मात्र त्याला कोणी स्वयंपाकाचे भांडे म्हटले नाही. माणिकबाग राजवाड्यात पुढे एक सरकारी कचेरी आली. ती कचेरी होती सीमाशुल्क आणि अबकारी खात्याची.